प्रत्येक धडधडीला गेम जबाबदार नसतो



गेल्या महिन्यात डी. एन. नगरहून एक आई आपल्या मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा बारावीत. केसपेपरवर नाव लिहून व्हायच्या आधीच निदान माझ्या टेबलावर येऊन पडलं. "डॉक्टर, हा रात्री झोपत नाही. छातीत धडधड होते म्हणतो. हात थरथरतात, काही बोललं की अंगावर येतो. दुसरं काही नाही हो, तो अंतराळातल्या भुतांचा गेम खेळतो ना, त्याचंच आहे सगळं. तुम्ही फक्त त्याला नीट समजवा. तुमचं ऐकेल तो."

मुलगा मान खाली घालून बसला होता. हे वाक्य त्याने घरी किमान पन्नास वेळा ऐकलेलं असणार.

मी आईंना पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं आणि त्याला विचारलं, "धडधड नक्की कधी होते रे?" तो म्हणाला, "काका, गेममध्ये होते ती वेगळी. गेम थांबवला की ती पाच मिनिटांत जाते. ही क्लासला जाताना होते, जेवताना होते. नुसता बसलो तरी होते."

नाडी पाहिली. बसल्या जागी मिनिटाला ११८. बोटं पसरून हात पुढे धरायला लावले, तर बारीक कंप. तळहात गरम आणि ओलसर. भूक दणदणीत, तरी तीन महिन्यांत वजन साडेचार किलोंनी कमी झालेलं. रक्त तपासलं. टीएसएच जवळजवळ नाहीच, टी-३ आणि टी-४ वाढलेले. म्हणजे थायरॉईडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करत होती. त्याला आम्ही हायपरथायरॉइडिझम म्हणतो. औषधं सुरू केली, एन्डोक्रायनॉलॉजिस्टकडे पाठवलं. आता नाडी ८४ वर आहे आणि मुलगा झोपतोही. गेम अजून खेळतो.

आता विचार करा. आईंच्या सांगण्याप्रमाणे मी त्याला "नीट समजवलं" असतं तर? गेम बंद झाला असता, थायरॉईड तसाच धावत राहिला असता आणि सहा महिन्यांनी सगळे म्हणाले असते की गेम बंद करूनही पोरगा सुधारत नाही, चोरून खेळत असणार.

आजचा लेख थायरॉईडवर नाही. मूल बिघडलेलं दिसलं की पहिला दगड गेमला मारायचा, या आपल्या सवयीवर आहे. ही सवय आईबापांना आहे, शिक्षकांना आहे, टीव्हीवाल्यांना तर आहेच. आणि कबूल करतो, आम्हा डॉक्टरांनाही आहे. मलाही होती.

२०१७ ची अंधेरी

जुन्या वाचकांना आठवत असेल. जुलै २०१७ च्या शेवटी आपल्या अंधेरी पूर्वेत एका चौदा वर्षांच्या मुलाने जीव दिला. एक-दोन दिवसांतच सगळीकडे एकच नाव झालं, 'ब्लू व्हेल'. भारतातला पहिला बळी म्हणून बातम्या झळकल्या. विधानसभेत विषय निघाला. ऑगस्टमध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने गूगल, फेसबुक, व्हॉट्सॲप यांना त्याच्या लिंक काढून टाकायला सांगितलं. आपल्या भागातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर तर रोज नवा फॉरवर्ड. मोबाईलवरचं चित्र ओळखायचं कसं, हातावरच्या खुणा शोधायच्या कशा, याच्याच चर्चा.

पुढे काय झालं, ते मात्र फार कमी लोकांना माहीत आहे. केंद्राने 'सर्ट-इन'च्या महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने देशभरातल्या अशा घटनांमधले फोन, इंटरनेटचा वापर, कॉल रेकॉर्ड, न्यायवैद्यक पुरावे तपासले. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे गृह राज्यमंत्री, आपल्या चंद्रपूरचे खासदार हंसराज अहीर यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं. यातल्या एकाही घटनेत ब्लू व्हेलचा संबंध सिद्ध होऊ शकला नाही. एकाही!

हे उत्तर कुणी फॉरवर्ड केलं? माझ्या फोनवर तरी एकदाही आलं नाही.

आता माझा भाग सांगतो. त्याच ऑगस्टमध्ये माझ्याकडे एक मुलगा आणला होता. दहावीतला. खात नव्हता, गप्प असायचा, रात्रभर मोबाईल घेऊन जागायचा. मी त्याचे हात उलटसुलट करून पाहिले, मोबाईलवर दहा मिनिटं भाषण दिलं आणि आईवडिलांना सांगितलं, फोन काढून घ्या. त्याला एकही प्रश्न विचारला नाही. क्लासमधली चार मुलं त्याला रोज छळत होती आणि मोबाईलवर बोलणारा एक लांबचा मित्र हाच त्याचा आधार होता, हे आठ महिन्यांनी एका मानसोपचारतज्ज्ञांनी शोधून काढलं. निदान होतं डिप्रेशन. औषधं आणि समुपदेशनाने तो सावरला. पण ते आठ महिने माझ्यामुळे गेले, आणि त्याचा आधारही मीच काढून घेतला होता. त्यानंतर मी एक नियम केला. गेमचं नाव निघालं की आधी मुलाशी एकट्याने बोलायचं.

हा 'भुतांचा गेम' असतो तरी काय?

शिव्या देण्याआधी वस्तू पाहावी, म्हणून भाच्याला बसवून मी स्वतः दोन गेम खेळून पाहिले. इंग्रजीत या प्रकाराला 'सर्व्हायव्हल हॉरर' म्हणतात, म्हणजे भयाण जागेतून कसंबसं जिवंत बाहेर पडायचं. पहिला 'डेड स्पेस', मूळ २००८ चा, २०२३ मध्ये नव्याने आलेला. त्यात नायक सैनिक नाही, इंजिनियर आहे. बिघडलेलं अंतराळयान दुरुस्त करायला जातो आणि तिथे मेलेल्या माणसांचे झालेले राक्षस भेटतात. गंमत म्हणजे त्याची तब्येत किती उरली आहे, हे त्याच्या पाठीच्या कण्यावरच्या दिव्यांवर दिसतं. असा कणा माझ्या पेशंटना असता तर माझं अर्धं काम वाचलं असतं. दुसरा २०१४ चा 'एलियन: आयसोलेशन'. त्यात तर त्या प्राण्याला मारताच येत नाही. कपाटात लपायचं, श्वास रोखायचा, कान देऊन ऐकायचं आणि दबकत पुढे सरकायचं.

गोळ्या कमी, औषध कमी, उजेड कमी. मारण्यापेक्षा वाचवण्यावर भर. बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावून बसलो होतो. सुरुवातीला ७६, आणि कपाटात लपलो तेव्हा ११२. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी सोफ्यावर बसून!

आणि मला माझं लहानपण आठवलं. नारायण धारपांची पुस्तकं लायब्ररीतून आणून पांघरुणात टॉर्च लावून वाचायचो. मग बाथरूमला जायची हिंमत नसायची. तेव्हाही मोठी माणसं म्हणायचीच, असलं वाचून पोरं बिघडतात. आज तीच मोठी झालेली पोरं धारपांचं नाव अभिमानाने घेतात आणि स्वतःच्या मुलाच्या गेमला विष म्हणतात.

शरीरात काय घडतं?

भीती वाटली की मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो. मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथी ॲड्रिनालिन सोडतात. नाडी वाढते, बाहुल्या मोठ्या होतात, तळव्यांना घाम येतो, पोटात गोळा येतो. समोर वाघ आहे की पडद्यावरचा राक्षस, हे घंटा वाजवताना मेंदू फारसं विचारत नाही.

मात्र काही क्षणांत मेंदूचा पुढचा, विचार करणारा भाग सांगतो, "अरे, आपण घरी आहोत." रक्तातलं ॲड्रिनालिन काही मिनिटांत उतरतं. कॉर्टिसोल नावाचा दुसरा हार्मोन थोडा जास्त रेंगाळतो. भीती आली, चढली, उतरली आणि आपण सुखरूप, यातच मजा असते. एस्सेल वर्ल्डच्या पाळण्यात आपण याच्यासाठीच पैसे मोजून बसत होतो.

म्हणून हा फरक लक्षात ठेवा. जी भीती मूल स्वतःच्या हाताने थांबवू शकतं, ती खेळ. जी थांबवता येत नाही, ती इजा करते. राक्षसाला थांबवायचं बटण आहे. रोजच्या टेस्टच्या मार्कांना नाही, शर्माजींच्या मुलाशी होणाऱ्या तुलनेला नाही, घरातल्या भांडणाला नाही. माझ्याकडे धडधड घेऊन येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना बटण नसलेल्या भीतीनेच आणलेलं असतं. तिच्याबद्दल आपण सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड पाठवत नाही, कारण ती आपणच घरात आणलेली असते.

"पण डॉक्टर, असले गेम खेळून मुलं हिंसक होतात ना?" २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकाने एका सहकाऱ्याबरोबर सुमारे हजार ब्रिटिश किशोरवयीन मुलांची पाहणी केली. मुलांचं वागणं कसं आहे, हे त्यांच्या पालकांना विचारलं. हिंसक गेम खेळणं आणि आक्रमक वागणं यांचा संबंध सापडला नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये सांगितलं की ओरडणं, ढकलणं अशा आक्रमकतेशी छोटासा संबंध दिसतो, पण खऱ्या हिंसाचाराचं खापर गेमवर फोडण्याइतका पुरावा नाही. दोन्ही गोष्टी मी तुम्हाला सांगितल्या. यातून जेवढं निघतं तेवढंच म्हणा, जास्त नाही.

'व्यसन' हा शब्द जपून वापरा

"तो ॲडिक्ट झालाय" हे वाक्य मी आठवड्यातून चार वेळा ऐकतो. हा आजार खरोखर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' आहे आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये अशा त्रासासाठी २०१४ पासून वेगळं क्लिनिक चालतं. मी आजार नाकारत नाही. पण निदानाच्या अटी वाचा.

१. खेळण्यावर ताबा राहत नाही. कधी सुरू करायचं, कधी थांबायचं, हे हातात उरत नाही.
२. बाकी सगळं मागे पडतं. मित्र, जेवण, अभ्यास, आवडीनिवडी, सगळ्यांच्या वर गेम.
३. नुकसान होतंय हे दिसत असूनही खेळणं चालूच राहतं किंवा वाढतं.
आणि यामुळे घर, शाळा, नाती यांत मोठी पडझड होते. साधारण १२ महिने हे चित्र दिसावं लागतं, फार तीव्र असेल तर त्याआधीही निदान करता येतं.

यात 'रोज इतके तास' ही अट कुठेही नाही. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस सहा-सहा तास खेळलेला मुलगा ॲडिक्ट नाही. तुम्ही मॅच पाहता तेव्हा तुम्हाला कुणी ॲडिक्ट म्हणतं का?

दुसरी गोष्ट. सगळ्याला 'गेम' हा एकच शब्द वापरणं म्हणजे उसाचा रस आणि हातभट्टी दोन्हीला 'पेय' म्हणण्यासारखं आहे. 'डेड स्पेस'सारखा गेम कादंबरीसारखा असतो. दहा-बारा तासांत संपतो, शेवट येतो, माणूस उठतो. याउलट रोज हजेरी लावा, बक्षीस घ्या, पैसे टाका, पुन्हा खेळा असे कधीच न संपणारे खेळ असतात. पैसे लावून खेळायच्या ॲप्समुळे माझ्या ओळखीतल्या दोन घरांचे दागिने गेले, आणि खेळणारी मुलं नव्हती, चाळिशीतले बाप होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने अशा पैशांच्या ऑनलाईन खेळांवर बंदीचा कायदा केला, तोही ई-स्पोर्ट्स आणि इतर खेळ वेगळे ठेवूनच. जो फरक कायद्याला कळला, तो आपल्याला घरात कळायला काय हरकत आहे?

मग तो रात्रीच का खेळतो?

हा प्रश्न आईबाप रागाने विचारतात. मी तो मुलांना साधेपणाने विचारतो. उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं, "काका, रात्री हॉल रिकामा असतो."

अंधेरीतल्या साडेचारशे फुटांच्या घरात पाच माणसं. दिवसभर हॉलमध्ये टीव्ही, आजीची औषधं, धाकट्याचा अभ्यास, बाबांचे फोन. रात्री अकरानंतर मुलाला पहिल्यांदा स्वतःची अशी जागा मिळते. ती जागा त्याने हेडफोन लावून मिळवलेली असते. खाली कंपाउंडमध्ये जावं, तर तिथे पाटी आहे, 'येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे.' ती पाटी कुणी लावली? आपणच, सोसायटीच्या सभेत, एकमताने. मैदानाच्या जागी पार्किंग आलं तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. आणि आता तीच माणसं वर तोंड करून विचारतात, हल्लीची मुलं बाहेर का खेळत नाहीत?

रात्रीचं खेळणं शरीराला वाईटच, यात शंका नाही. भीतीने जागा झालेला मेंदू लगेच झोपत नाही. त्यात पडद्याचा उजेड आणि सकाळी सहाचा क्लास. पाच तासांच्या झोपेवर चिडचिड, डोकेदुखी, विसराळूपणा येणारच. पण याचा इलाज कंट्रोलर कपाटात कुलूपबंद करणं हा नाही. त्याला संध्याकाळी सात ते साडेआठ हॉल द्या. तेवढा वेळ तुमची मालिका बंद ठेवा. मी हे सांगितलं की मुलापेक्षा मोठ्यांचे चेहरे जास्त पडतात.

खेळणाऱ्यांनाही दोन शब्द

"नुसता गेम तर आहे" म्हणून हात झटकणाऱ्यांचीही मी बाजू घेणार नाही.

'डेड स्पेस' आणि 'एलियन: आयसोलेशन' दोन्हींवर युरोपात १८ वर्षांखालील मुलांसाठी नाही, असा शिक्का आहे. तो शोभेचा नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या मेंदूतला "आपण घरी आहोत" सांगणारा भाग अजून कच्चा असतो. त्याची घंटा वाजते आणि वाजतच राहते. मग वाईट स्वप्नं, अंथरूण ओलं होणं, एकटं झोपायला नकार. थोरला खेळत असेल आणि धाकटा त्याच हॉलमध्ये बसून बघत असेल, तर तोही खेळतोच आहे असं समजा. तुम्ही म्हणाल, मग तुमच्या त्या बारावीतल्या पेशंटचं काय? तो सतरा पूर्ण आहे. आईंबरोबर मी शिक्क्याबद्दलही बोललो. पण ती चर्चा वयाची होती. आजाराचं खापर फोडायची नव्हती.

फिट येणाऱ्या काही रुग्णांना चमकत्या प्रकाशाने झटका येतो. डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागातल्या लाल-निळ्या लुकलुकण्यानंतर सहाशेहून जास्त जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं होतं. घरात असा रुग्ण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. खेळताना मूल अचानक बेशुद्ध पडलं, तर "घाबरला असेल" म्हणून सोडू नका. काही मुलांच्या हृदयाच्या विद्युत यंत्रणेत जन्मतः दोष असतो आणि उत्तेजनेत ठोके बिघडतात. २०२२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी गेम खेळताना असं झालेल्या २२ मुलांची नोंद प्रसिद्ध केली. त्याच दिवशी ईसीजी काढा आणि हृदयरोगतज्ज्ञांना दाखवा. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल तर तेही सांगा.

पॅनिक अटॅक येणाऱ्यांनी, नुकताच अपघात किंवा जवळच्या माणसाचा मृत्यू पाहिलेल्यांनी असे गेम काही काळ बाजूला ठेवावेत.

तुम्ही काय करायचं?

एक, गेम बंद करण्याआधी मुलाच्या शेजारी एक तास बसा. तो काय खेळतोय ते त्याच्याकडून समजून घ्या. घाबरलात तर हसू द्या त्याला.

दोन, धडधड, वजन घटणं, झोप उडणं, चिडचिड ही लक्षणं दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर तपासणी करा. हिमोग्लोबिन, थायरॉईड, साखर. एनर्जी ड्रिंक आणि कॉफी किती जाते तेही मोजा.

तीन, मूल गप्प झालं असेल, आवडीचं सगळं सोडत असेल, आवडता गेमसुद्धा, तर तो गेमचा परिणाम समजू नका. गेम सुटला म्हणून पेढेही वाटू नका. मन आजारी असल्याची ती खूण असू शकते. "जगावंसं वाटतं ना रे?" हे थेट विचारा. विचारल्याने असा विचार डोक्यात शिरत नाही, उलट मुलाला बोलायला जागा मिळते. सरकारची टेली-मानस हेल्पलाईन १४४१६ चोवीस तास मोफत आहे, आणि मुलांसाठी १०९८.

२०१७ च्या त्या मुलाबद्दल मी या लेखात जास्त लिहिलं नाही आणि लिहिणारही नाही. त्याच्या मनात काय होतं ते तुम्हाला-मला ठाऊक नाही. पण आपण सगळ्या गावाने एक नाव उच्चारलं आणि प्रश्न विचारणं थांबवलं, एवढं मला ठाऊक आहे. पुढचं मूल आपल्यासमोर मान खाली घालून बसेल, तेव्हा आधी त्याला बोलू द्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषधोपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत. रुग्णांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)